बुजलेल्या विहिरींचं वाण

मुलुंड पूर्वेच्या नवरंग सोसायटीत वाण लुटावं तर वनमालाबाई परबांनीच, असं खुद्द वनमालाबाईंचं मत होतं. दिल्या वस्तूकडे आपण वळूनही बघत नाही, हेही त्या जिन्यात भेटेल त्याला ऐकवत. अशी ही बाई रविवारी सकाळी तिसऱ्या मजल्यावरच्या किरणची बेल दाबून म्हणाली, "संक्रांतीला दिलेलं वाण परत दे!"

किरणच्या हातातलं लाटणं हातातच राहिलं.

झालं होतं असं. वनमालाबाईंचे यजमान, चंद्रप्रकाश परब, विक्रोळीच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर आणि घरी इतिहासकार! लोक रद्दीवाल्याला रद्दी घालतात, हा माणूस रद्दीवाल्याकडून पोत्याने घरी आणायचा. पलंगाखाली बखरी, माळ्यावर गॅझेटियर, पिठाच्या डब्यावर कुणा मेलेल्या मामलेदाराची डायरी! "बायको कुठे ठेवायची तेवढं सांगा, म्हणजे मी तिथे जाऊन बसते," असं वनमालाबाई म्हणायच्या. एवढ्यावर भागेना म्हणून यजमानांनी स्वतःची नऊ पुस्तकं लिहून छापली. भांडुपची देवळं काय, कांजूरची मिठागरं काय! वाचणारं कुणी नाही. 'बुजलेल्या विहिरी' हे नववं आलं, तेव्हा त्याचा गठ्ठा सहा महिने दारातच पडून होता. येणारा-जाणारा ठेचकाळायचा. शेवटी सात वर्षांमागच्या संक्रांतीला वनमालाबाईंनी दोरी कापली आणि एकही पुस्तक न उघडता सगळी हळदीकुंकवाला वाटून टाकली.

यजमान एवढंच म्हणाले, "वाचेल कुणीतरी."

गेल्या वर्षी ते गेले. आणि घर असं गप्प झालं, की कपाटातली वाळवीसुद्धा दबकून खात असावी. भांडायला माणूसच उरलं नाही! वनमालाबाई दिवसभर पुस्तकांवरची धूळ झटकत बसायच्या. स्वतः तिसरीतून शाळा सुटलेल्या. दुकानाच्या पाटीपलीकडे वाचन गेलं नव्हतं. एक दिवस त्यांनी नात श्रुतिकाला समोर बसवलं.

"वाच गो. माझं नाव कुठे येतंय तेवढं बघ."

श्रुतिकाने आठ दिवसांत आठ पुस्तकं पालथी घातली. आभार सगळ्यांचे होते. पुजाऱ्याचे होते, रद्दीवाल्याचे होते. एका ठिकाणी तर पावसात छत्री धरणाऱ्या अनोळखी गृहस्थाचेही होते!

"चाळीस वर्षं चहा मी दिला," वनमालाबाई कडाडल्या, "आणि आभार मेल्या छत्रीवाल्याचे?"

"आजी, नववं राहिलंय अजून."

नवव्यात असणारच! आठदा विसरला, तरी माणूस नवव्यांदा विसरतो होय? पण नववं घरात औषधालाही नव्हतं. म्हणून ही किरणची बेल.

आता पुस्तक मागावं तर कारण सांगावं लागणार, आणि खरं कारण सांगावं तर नाक कापलं जाणार. नवऱ्याच्या पुस्तकात स्वतःचं नाव शोधत फिरतेय, असं कुठली बाई सांगेल?

"कुठलं वाण, काकी?" किरणने विचारलं. "ती गाळणी का?"

"शोध म्हणजे सापडेल!" म्हणून वनमालाबाई ताठ मानेने पुढच्या दाराला गेल्या. तिथेही तेच. त्याच्या पुढच्या दारालाही तेच.

बारा वाजेपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज पडला, 'परब काकी सगळी वाणं परत घेतायत!' कुणी म्हणालं, वर्षश्राद्धाचा काही विधी असेल. कुणी म्हणालं, विधी कसला, अपमान आहे हा, आम्ही काय मागायला गेलो होतो? चार वाजता वनमालाबाईंच्या दाराशी रांग लागली. गाळण्या आल्या, साबणाच्या डब्या आल्या, करंडे आले, सतरा प्लास्टिकच्या टोपल्या आल्या!

"ही घ्या तुमची वाटी, काकी. पोचा आहे बुडाला. तो तुमच्याकडूनच आला होता!"

"ही माझी नव्हेच! माझ्या वाट्या जड असतात!"

हॉलमध्ये पाय ठेवायला जागा उरली नाही. त्या ढिगात तीन पुस्तकंही आली. एकाने सात वर्षं फ्रिजचा पाय उचलून धरला होता, त्याला आता चौकोनी खळगा पडून पानं घट्ट चिकटली होती. दुसऱ्याची पानं पापडांखाली गेली होती. तिसरं किरणचं. त्यातले फोटो तेवढे तिच्या मुलीने शाळेच्या प्रोजेक्टसाठी कापले होते. "मजकूर मात्र सगळा आहे हां काकी," किरण म्हणाली.

श्रुतिका टोपल्यांच्या मधोमध उभी राहून किरणच्या पुस्तकात पहिल्या पानापासून शेवटपर्यंत बोट फिरवत गेली. कॅमेरा दुरुस्त करणाऱ्याचे आभार होते. विहिरी दाखवणाऱ्या दोन म्हाताऱ्यांचे होते. मग तिने पुस्तक मिटलं.

"आजी... नाहीये गं."

वनमालाबाई भांडत नाहीत म्हटल्यावर अख्खी रांग घाबरली. "बरं झालं," त्या म्हणाल्या. "कळलं एकदाचं." आणि खाली बसून गाळण्यांत गाळण्या घालू लागल्या.

तेवढ्यात पहिल्या मजल्यावरची नलिनी रांग मोडून आत आली. हातात पुस्तक, त्याला खाकी कव्हर, आत खुणेचा दोरा!

"मी परत द्यायला नाही आले हां काकी. पाच वेळा वाचलंय मी हे."

"पाच वेळा?" वनमालाबाई गाळण्या सोडून उठल्या. "माझ्या नवऱ्याचं?"

"मग? पण तुम्हाला आत्ता कशाला हवंय?"

वनमालाबाईंनी रांगेकडे पाहिलं. नाक काय, आता कापलंच होतं. "माझं नाव बघायचं होतं," त्या पुटपुटल्या. "नाहीये."

"नाव कशाला हवं? तुम्हीच आहात की आख्ख्या!"

नलिनीने पान उघडलं. एक कोरडी विहीर, आणि शेजारी हातात डब्याची पिशवी घेऊन, कपाळाला आठ्या घालून उभ्या असलेल्या वनमालाबाई! खाली बारीक अक्षरं. वनमालाबाईंनी त्यावर बोट ठेवलं आणि जन्मात पहिल्यांदा नवऱ्याचं लिखाण स्वतः वाचलं.

"आ-का-रा-चा अं-दा-ज ये-ण्या-सा-ठी... शे-जा-री... ए-क... व्यक्ती."

रांगेत कुणीतरी फिसकन हसलं.

"व्यक्ती?" वनमालाबाई उसळल्या. "'जरा उभी राहा तिथे,' म्हणायचे. मला वाटायचं माझा फोटो काढतायत! मी उन्हात पदर सारखा करून उभी. आणि या माणसाने माझी मोजपट्टी केली?"

नलिनी पानं उलटत गेली. चौदा विहिरी, चौदा फोटो. निळी साडी, हिरवी साडी, मेथी घेतलेली, छत्री धरलेली. चौदाही ठिकाणी एक व्यक्ती.

वनमालाबाईंनी रांगेला आपापल्या गाळण्या उचलायला लावल्या आणि दार लावून घेतलं. नलिनीला मात्र हाताला धरून बसवलं. बराच वेळ त्या पानांवरून बोट फिरवत राहिल्या.

"नलिनी, यांचा एखादा आहे का गं यात?"

"नाही काकी. काका कॅमेऱ्यामागे असायचे ना."

वनमालाबाईंनी पुस्तक डोळ्यांजवळ नेलं.

"म्हणजे मी बघतेय ते यांच्याकडेच," त्या म्हणाल्या. मग हळूच पुस्तक मांडीवर ठेवलं. "आणि तेही मेली चौदाच्या चौदा वेळा आठ्या घालून!"