वेंकोबण्णांचा उशीर

वेंकोबण्णांवर काहीतरी लिहा, असं मला बऱ्याच जणांनी सुचवलं आणि दर वेळी मी विषय बदलला. कधी तब्येतीचं कारण सांगितलं, कधी चष्म्याचं. आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी संपादकांनी फारच गळ घातली, तेव्हा म्हैसूरच्या सहलीवर एक लेख देऊन त्यांना वाटेला लावलं. खरं कारण वेगळं होतं. वेंकोबण्णांबद्दल लिहायचं तर टेलिफोनबद्दल लिहावं लागेल, आणि टेलिफोनबद्दल लिहायचं तर माझ्याबद्दल. आता वेंकोबण्णा नाहीत. माझंही वय झालं. तेव्हा एकदाचं लिहून टाकतो.

हे गृहस्थ कोणाच्याही घरी गेले, की आधी टीव्हीसमोर उभे राहत आणि पाचही बोटं फाकवून हात पडद्यापुढे जोरजोरात हलवत. आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा बातम्या चालू होत्या. त्यांनी हात हलवला, नापसंतीने मान हलवली आणि मग "नमस्कार" म्हणाले. ते गेल्यावर मालतीने, म्हणजे माझ्या पत्नीने, हळूच विचारलं, "अहो, त्या बातम्या देणाऱ्या बाईची दृष्ट काढली का त्यांनी?"

दृष्ट नव्हती. पडद्यापुढे हात हलवल्यावर पाचाची पंधरा बोटं दिसली, की पडदा लुकलुकतो आहे असं समजायचं, हे त्यांनी दुसऱ्या दिवशी समजावून सांगितलं. "तुमचा टीव्ही फार लुकलुकतो अक्का. डोकं दुखत नाही काय तुमचं?" त्या दिवसापासून मालतीचं डोकं दुखायला लागलं.

बेंगळुरात, राजाजीनगरातल्या आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर ते भाड्याने राहायला आले, ती नव्वदच्या दशकाची अखेरची वर्षं. पत्नी वारलेली, एकुलता एक मुलगा श्रीधर अमेरिकेत. वेंकोबण्णा पीण्या या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात फिरत्या चाकांची थरथर तपासायचे. डोळ्याला न दिसणारी हालचाल पकडणं हा त्यांचा धंदा होता आणि तो त्यांनी घरीही चालू ठेवला होता. माझा पंखा डावीकडे झुकतो, मालतीचा मिक्सर लंगडतो, हे त्यांनीच आम्हाला सांगितलं. आम्ही सुखात होतो तोवर.

मी घरमालक आणि ते भाडेकरू, पण तोरा त्यांचा. मी बँकेच्या बदलीवर पुण्याहून आलो आणि इथेच राहिलो. त्यांचं मराठी घराणं बेंगळुरात कित्येक पिढ्यांचं. "तुम्ही कालचे लोक," ते म्हणत. "रेल्वेने आलात. आम्ही घोड्यावरून आलो होतो." त्यांच्या मराठीत कन्नड इतकं मुरलेलं होतं, की कुठलं काय हे त्यांनाही सांगता आलं नसतं. "स्वल्प थांबा" ही त्यांची सुरुवात आणि "सरी", म्हणजे ठीक आहे, हा शेवट.

मग श्रीधरने पैसे पाठवले, वेंकोबण्णांनी एस. पी. रोडवरून सुटे भाग आणून कॉम्प्युटर जोडला, आणि आमच्या डोक्यावर युद्ध सुरू झालं.

खेळ असा होता. एका पडक्या किल्ल्यात आठ-दहा जण दोन तुकड्या करून एकमेकांवर गोळ्या झाडतात. हे आठ-दहा जण आठ-दहा गावांत आपापल्या घरी बसलेले. इथली रविवार सकाळ म्हणजे तिकडची शनिवार रात्र. श्रीधर त्या वेळी मित्रांबरोबर खेळायचा, आणि आता त्याच्या तुकडीत त्याचे वडील. आयुष्यात झुरळ न मारलेले वेंकोबण्णा बंदूक घेऊन किल्ल्यात धावायला लागले.

या खेळात उशीर चालत नाही. आणि उशिराबद्दल वेंकोबण्णांचा एक सिद्धांत होता. पडद्यावरची हालचाल म्हणजे एकामागून एक भराभर काढलेली चित्रं. मशीनने सेकंदाला भरपूर चित्रं काढली तर माणूस धावतो, कमी काढली तर तो उंदरासारखा टुणटुण उड्या मारतो. हळूहळू हे माप ते माणसांनाही लावू लागले. "तुमचे मेव्हणे फार कमी चित्रांचे हो. मी सोमवारी जोक सांगितला, बुधवारी हसले." मालतीबद्दल मात्र आदर: "अक्कांच्या डोळ्यातून एक चित्र सुटत नाही."

"पण तुमच्या हालचाली अमेरिकेला जातात त्या तारेतून ना?" मी एकदा विचारलं. "मग उशीर तारेचा असेल. त्यात चित्रांचा काय संबंध?"

"स्वल्प थांबा." ते खुर्ची पुढे ओढून बसले. "कॉम्प्युटरच्या आत एकच कारकून आहे समजा. दारात रांगोळी पण तोच घालणार, टपाल पण तोच टाकणार. तुम्ही त्याला रांगोळीत मोर घाल, हत्ती घाल, वेली घाल म्हणून सांगितलं. काय होईल?"

"टपाल राहील."

"हौदु, तेच! आणि लोक ओरडतात पोस्टमन लेट. अय्यो, पोस्टमन काय करेल? पत्र पेटीतच पडलं नाही! रांगोळी साधी करा, टपाल टायमाला जातं. सरी?"

सरी तर सरी. पण आता पोस्टमनबद्दल सांगायला हवं, कारण तिथे मी बसलो होतो.

घरात टेलिफोन एकच, माझ्या नावावरचा. त्याच तारेवर दुसरं यंत्र वर बसवलेलं. त्या काळी इंटरनेट फोनच्या तारेतूनच यायचं, आणि एका यंत्रावर ते चालू असताना दुसऱ्याने रिसीव्हर उचलला की त्याचा जीव गुदमरायचा. हे वेंकोबण्णांनी मला आधीच सांगितलं होतं. मी मोठ्या मनाने शब्द दिला, "रविवारी दहा ते अकरा खाली कोणी फोनला हात लावणार नाही. तुम्ही खुशाल बोला मुलाशी." त्यांनी माझे दोन्ही हात धरले.

शब्द देताना मी एक विसरलो होतो. माझा मुलगा अनिल नागपूरला असतो, आणि तो फोन करायचा तर रविवारी सकाळीच करायचा. करायचा तर. बहुतेक रविवारी तो करत नसे. पण आता त्याने केला नाही की लाइन लागली नाही, हे मला कळायला मार्ग उरला नाही. मी दहा वाजल्यापासून फोनशेजारी पेपर घेऊन बसायचो, आणि वर हसण्याचा, खुर्ची सरकल्याचा आवाज यायचा.

एका रविवारी, झाली का मोकळी लाइन बघावं म्हणून, मी रिसीव्हर उचलला. कानात तापल्या तव्यावर पाणी पडल्यासारखी चरचर झाली आणि वरून आरोळी आली, "अय्यो, मेलो!"

मी रिसीव्हर ठेवला. थोड्या वेळाने पुन्हा उचलला. ते पुन्हा मेले.

त्यानंतर मी काय करत होतो हे मला माहीत नव्हतं, असं मी म्हणू शकत नाही. अनिलचा फोन नाही आला की माझा हात तिकडे जायचा. मालती स्वयंपाकघरातून यायची आणि पोळपाट पुसत विचारायची, "काय हो, मारलंत का आज त्यांना?"

"लाइन बघत होतो."

"दर रविवारी काय बघायचंय त्या लाइनमध्ये? वर एक माणूस हसतोय, ते बघवत नाही म्हणा."

अकरा वाजता वेंकोबण्णा घाम पुसत खाली यायचे. "आश्चर्य आहे. मी आधी मेलो, मग गोळी आली! असं कुठे होतं काय? सगळे धावतात, मी एकटा देवळातल्या द्वारपालासारखा उभा." मग जरा संकोचून, "फोन कोणी... चुकून?"

"छे, छे!" मी म्हणालो.

"सरी. मग तार सोडून देऊ. तुम्ही शब्द दिलाय. उशीर मशीनमध्येच आहे."

आणि त्यांनी रांगोळी साधी करायला घेतली. आधी किल्ल्यातल्या सावल्या काढून टाकल्या. मग धूर. मग भिंतीचे दगड, मग आकाश. दर रविवारी ते खाली येऊन आज काय काढलं ते सांगायचे, आणि मी "अरे वा" म्हणायचो. शेवटी माणसांचे चेहरेही काढून टाकले. मी वर जाऊन पाहिलं तर करड्या पोकळीत काही साबणाच्या वड्या पळत होत्या.

"यात श्रीधर कुठला?"

"हा हिरवा साबण," ते अभिमानाने म्हणाले. त्या वेळी खाली मालतीने बहिणीला फोन लावायला रिसीव्हर उचलला असावा, कारण सगळे साबण जागच्या जागी थिजले.

मशीनमधून काढण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा त्यांनी स्वतःला तपासायला घेतलं. नवा चष्मा केला. सकाळी भिजवलेले बदाम खाऊ लागले. रोज संध्याकाळी एक फूटपट्टी घेऊन यायचे. "अक्का, वरून सोडा. न सांगता सोडा." मालती पट्टी सोडायची आणि ते ती दोन बोटांत पकडायचे. किती खाली पकडली त्यावरून हात किती मंद झाला ते कळतं म्हणे. मालती पहिल्या पहिल्यांदा हसायची. मग नुसती माझ्याकडे बघत पट्टी सोडायला लागली.

आणि एका रविवारी दहा वाजता वेंकोबण्णा पेपर मागायला खाली आले.

"आज खेळ नाही?" मी विचारलं.

"सोडला. सांगितलं त्याला, तू मित्रांबरोबर खेळ म्हणून." त्यांनी पेपरची घडी काखेत मारली. "मशीन ठीक, तार ठीक. उशीर माझ्यात आहे. वय झालं की हो."

ते वर गेले. मालती स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिने रिसीव्हर उचलला, माझ्यापुढे धरला आणि म्हणाली, "घ्या. आता पोटभर बघा लाइन."

मी वर गेलो. सांगून टाकायचं असं ठरवूनच गेलो. दार उघडं होतं. वेंकोबण्णा कॉम्प्युटरसमोर बसले होते. तारेशिवाय, एकट्याने, त्या रिकाम्या करड्या किल्ल्यात हळूहळू चालत होते. एक साबण.

"या, या. प्रॅक्टिस," ते ओशाळून म्हणाले. मग पडद्याकडेच बघत बोलू लागले. "श्रीधर फोनवर बोलत नाही हो. जेवलास काय, हं. बरा आहेस काय, हं. त्याची आई गेल्यापासून आमचं एवढंच. पण इथे मी अडकलो ना, की तो पळत परत यायचा. माझ्यापुढे असा उभा राहायचा, भिंतीसारखा. मला लागू नये म्हणून स्वतः गोळ्या खायचा. दर वेळी." त्यांनी चष्मा काढून पुसला. "त्याच्यामुळे त्याची तुकडी हरायची. मित्र चिडवतात त्याला. किती दिवस खाणार तो माझ्यासाठी गोळ्या? म्हणून सोडलं."

वाक्य माझ्या ओठांवर होतं. बाहेर भलतंच पडलं.

"वेंकोबण्णा, काल लाइनमन आला होता. खांबावरचा जोडच सैल होता म्हणाला. आवळून गेलाय. पुढच्या रविवारी एकदा बघा तरी."

त्यांनी फिरवलेली मान मला अजून आठवते. "खरं सांगता? म्हणजे हात नव्हे माझा?"

"हात नव्हे."

पुढच्या रविवारी पावणेदहाला मी खालचं यंत्र तारेतून काढलं आणि मालतीने ते कपाटात, साड्यांखाली ठेवलं. अकरापर्यंत वर कोणी मेलं नाही. मग वेंकोबण्णा जिन्यावरून जवळजवळ धावतच आले. "बदाम!" ते म्हणाले. "लाइनमन वगैरे ठीक आहे, पण मुख्य बदाम!" गल्लीतल्या तीन म्हाताऱ्यांनी त्या आठवड्यात बदाम आणले.

मग ते एकेक गोष्ट परत घालू लागले. आकाश आलं, दगड आले, धूर आला. एका रविवारी त्यांनी मला मुद्दाम वर बोलावलं. श्रीधरला चेहरा आला होता. चौकोनी, मिशीवाला, श्रीधरसारखा अजिबात नसलेला. आम्ही दोघं बराच वेळ तो बघत राहिलो.

अनिलचं म्हणाल, तर मालतीने एके दिवशी दुपारी आपणच त्याला फोन लावला. तो अर्धा तास बोलला. आपणही लावू शकतो, हे मला तोवर सुचलं नव्हतं.

पुढे श्रीधरने वडिलांना कायमचं तिकडे बोलावून घेतलं. जायच्या दिवशी फाटकापाशी टॅक्सी उभी होती, सामान चढत होतं. मी आठवडाभर आरशासमोर वाक्य घोकलं होतं. अगदी साधं: वेंकोबण्णा, तो उशीर माझा होता, मला माफ करा. मालती माझ्या मागे उभी होती, मी मागे फिरू नये म्हणून.

"वेंकोबण्णा," मी म्हणालो, "एक सांगायचं राहिलं होतं."

"स्वल्प थांबा. आधी मला सांगू द्या." त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले. त्यांचे डोळे भरले होते. "इतकी वर्षं दर रविवारी तुमचा फोन मी अडवून ठेवला. तुमच्या अनिलचा फोन यायचा असेल त्या वेळी. तुम्ही एका शब्दाने बोलला नाहीत. मला माझा मुलगा मिळाला, पण तुमच्या मुलाला मी दारात थांबवलं. हे मनाला फार लागून आहे हो. मला माफ करा."

टॅक्सीवाल्याने हॉर्न दिला. मी त्यांच्याकडे पाहिलं, आणि म्हणालो, "त्यात काय एवढं. केलं माफ."