शेवटची चार कोरी पानं

मला फसवून माल विकणारा माणूस अजून जन्माला यायचाय! हे मी नाही म्हणत, आमच्या कारखान्याचे पुरवठादार म्हणतात. म्हणजे तोंडावर म्हणत नाहीत, पण त्यांच्या चेहऱ्यावर ते स्वच्छ दिसतं. पंपांच्या कारखान्यात, खरेदी विभागात, एकोणीस वर्षं काढली आहेत मी. हजार वॉशरच्या पुडक्यात नऊशे अठ्ठ्याण्णव असले, तर पुडकं नुसतं हातात घेऊन सांगतो. (आमचा स्टोअरकीपर म्हणतो, मोजून सांगतो. जळतो मेला!)

तर असा मी, गेल्या महिन्यात चार दिवस घरी होतो. रजा शिल्लक होती, घेतली नसती तर वाया गेली असती. मला काहीही वाया गेलेलं सोसत नाही. आणि घरच्यांना माझी रजा सोसत नाही! मागच्या रजेत मी स्वयंपाकघरातले डबे कारखान्याच्या पद्धतीने लावून दिले होते. जास्त लागणारं पुढे, कमी लागणारं मागे. त्यानंतर आठवडाभर आम्ही खारट चहा पीत होतो.

म्हणून रजेच्या आदल्या संध्याकाळी बायकोने फर्मान काढलं, "अहो, येताना एक पुस्तक आणा. चार दिवस पुरेल असं. आणि खुर्चीतून उठायचं नाही!"

कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो. पुस्तकवाले चष्मा कपाळावर ठेवून चष्माच शोधत होते. त्यांनी मला प्लॅस्टिकमध्ये बंद केलेलं एक पुस्तक दिलं. विज्ञानकथा. किंमत तीनशे ऐंशी!

"किती दिवस पुरेल?" मी विचारलं.

"साहेब, हे पुस्तक तुम्हाला जन्मभर पुरेल."

मी हातात घेऊन अंदाज घेतला. पुठ्ठा दाराच्या फळीसारखा, वजन चांगलं. शिवाय विज्ञान म्हणजे डोक्याला ताप, एकेका पानाला अर्धा तास तर हवाच. थोडी घासाघीस करून एक वाचनखूण फुकट मिळवली आणि विजयी वीरासारखा घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोने वॉशिंग मशीन लावलं आणि मी पुस्तक उघडलं. मशीन कपडे पिळायला लागलं नव्हतं, तोवर पुस्तक संपलं!

अठरा मिनिटं! मी घड्याळ पाहिलं, हलवून पाहिलं, पुन्हा पाहिलं. अठराच!

आत सगळा पुठ्ठाच हो! चव्वेचाळीस पानं, त्यातली पहिली पाच नुसती नावगाव सांगणारी, आणि अक्षरं अशी टपोरी की शेजारच्या गच्चीतून वाचता यावीत. गोष्ट अशी, की एक दुरुस्ती कारागीर दूर अंतराळात एका स्थानकावर एकटाच नोकरी करतोय. इतका दूर, की घरी निरोप पोचायला नऊ वर्षं आणि उत्तर यायला आणखी नऊ. तरुणपणी तो बायकोला एकच वाक्य पाठवतो, "परत येऊ का?" मग अठरा वर्षं पाइप बदलत, झडपा साफ करत वाट बघतो. आणि एके दिवशी यंत्रावरचा हिरवा दिवा लागतो. उत्तर आलं! तो हातातला पाना खाली ठेवतो, तेलकट हात फडक्याला पुसतो आणि यंत्राकडे वळतो.

संपलं! पुढे काही नाही! म्हणजे पानं आहेत. चार. कोरी करकरीत!

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. "अगं, छपाईत चूक झालीय! शेवटची चार पानं छापायची राहिलीत!"

"तेवढंच असेल ते," बायको मशीनमधले कपडे काढता काढता म्हणाली.

"तेवढंच कसं असेल? उद्या मी पंप विकला आणि आत मोटारच घातली नाही, तर गिऱ्हाईक म्हणेल का, तेवढाच असेल?"

बायकोने माझ्या हातात ओल्या चादरीचं टोक दिलं आणि झटकायला लावलं. असल्या चर्चा ती अशाच संपवते.

दरम्यान सासूबाईंनी पुस्तक उचललं. त्या आमच्याकडेच असतात आणि वर्तमानपत्रातल्या निविदासुद्धा वाचून काढतात. तासाभराने पाहतो, तर अजून पुस्तकातच!

"आई, एवढ्याशा पुस्तकाला तास?"

"दोनदा वाचलं," त्या म्हणाल्या. मग चष्मा काढून पुसत राहिल्या. "काय हो उत्तर आलं त्याला?"

"तेच तर छापायला विसरलेत!"

"अगंबाई! मग आणा की ती पानं!" त्या एकदम उठूनच बसल्या. "माझा धाकटा भाऊ जहाजावर होता, जावईबापू. चार-चार महिने पत्र नसायचं. पाकीट आलं की मीसुद्धा आधी हात पुसायची. लगेच उघडवतच नसे. आता हे असं अर्धवट ठेवलंत तर मला घास जायचा नाही."

झालं! आता हा नुसता तीनशे ऐंशीचा प्रश्न उरला नव्हता, सासूबाईंच्या जेवणाचा झाला होता! मी चपला घातल्या.

"खुर्चीतून उठायचं नाही असं ठरलं होतं!" बायको मागून ओरडली. पण मी जिना उतरलोसुद्धा.

दुकानात शिरल्याशिरल्या मी पुस्तक गल्ल्यावर आपटलं. "माल सदोष आहे!"

पुस्तकवाल्यांनी कोरी पानं पाहिली आणि त्यांचा चेहरा त्याहून कोरा झाला. दुसरी प्रत फोडली. तीतही कोरी! तिसरी फोडली. कोरी! मग माझ्यातला खरेदी विभाग जागा झाला. गल्ल्यावरची कात्री उचलली आणि कपाटातल्या अकराच्या अकरा प्रतींचं प्लॅस्टिक सरासर फाडलं. एक बाई तेच पुस्तक हातात धरून रांगेत उभ्या होत्या. त्यांनी ते निखारा ठेवावा तसं परत ठेवलं आणि चालत्या झाल्या.

"अख्खा लॉट गेला!" मी निकाल दिला.

पुस्तकवाल्यांनी घाबरून छापखान्याला फोन लावला. त्यांना धड बोलता येईना, म्हणून मीच फोन घेतला आणि माझा कारखान्याचा आवाज लावला. "शेवटची चार पानं कोरी आहेत. चूक कशी झाली ते लेखी कळवा. तोवर एकही नग बाहेर पाठवायचा नाही!"

पलीकडे धडधडणारं यंत्र थांबल्याचं मला स्पष्ट ऐकू आलं. "आपण... आपण कोण बोलताय?" छापखानावाल्यांनी विचारलं.

आता एकोणीस वर्षांची सवय! तोंडातून निघून गेलं, "खरेदी विभाग!"

फोन ठेवला. पुस्तकवाल्यांकडे घरचा पत्ता लिहून दिला. छाती अशी फुगली होती की घरी जाताना शर्टाचं एक बटण उडालं!

रजेचा दुसरा दिवस मी उत्तराची वाट पाहण्यात घालवला. सासूबाई जेवल्या, पण अर्धीच पोळी. तिसऱ्या दिवशी दुपारी दारावरची घंटा वाजली. दारात एक घामाघूम गृहस्थ, काखेत फाइल. त्यांच्या मागे पांढऱ्या केसांच्या, ताठ कण्याच्या एक उंच बाई.

"साहेब, मी छापखानावाला," गृहस्थ कमरेत वाकून म्हणाले. "सगळ्या दुकानांतून माल परत मागवलाय. बाइंडरला कालपासून घरी बसवलाय. आता एवढंच सांगा, ग्रंथालयांसाठी किती प्रती घ्यायचा विचार होता?"

"कोणती ग्रंथालयं?"

"म्हणजे... खरेदी विभाग आपलाच ना? ग्रंथालयांचा?"

"पंपांचा," बायको आतून म्हणाली. "वॉशर आणि नटबोल्ट."

छापखानावाले सोफ्यावर बसले नाहीत, कोसळले! आणि मग त्या उंच बाई पुढे आल्या.

"मी या पुस्तकाची लेखिका. तीस वर्षं वेधशाळेत होते. परवा मला फोन आला की माझ्या गोष्टीचा शेवट हरवलाय. दोन दिवस मी कच्च्या मसुद्याचे कागद उपसतेय. कुठला शेवट हो?"

मी ऐटीत पुस्तक उघडलं. "हा बघा. 'यंत्राकडे वळतो.' आणि पुढे सगळं कोरं!"

"बरोबर आहे. गोष्ट तिथे संपते."

मी पुस्तक उलटंसुलटं करून पाहिलं.

"आणि ही चार पानं?" मी विचारलं.

"साहेब, फर्मा म्हणजे छापून दुमडलेला मोठा कागद, तो सोळा पानांचा असतो," छापखानावाले सोफ्यातून क्षीणपणे बोलले. "तीन फर्मे म्हणजे अठ्ठेचाळीस पानं. मजकूर चव्वेचाळीस. उरलेली चार कोरीच राहणार, त्यांना मी कुठे नेऊन टाकू?"

"मग फोनवर का नाही सांगितलंत?"

"खरेदी विभाग म्हटल्यावर माझी वाचाच बसली हो! म्हटलं, एवढी मोठी माणसं चूक म्हणतायत म्हणजे चूक असणारच!"

माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. त्या बिचाऱ्या बाइंडरला कोरं पान कोरं ठेवल्याबद्दल घरी बसावं लागलं होतं, आणि ते माझ्यामुळे! मी तिथल्या तिथे छापखानावाल्यांना त्याचा फोन लावायला लावला आणि माफी मागितली. पुरवठादारांकडून मी शेकडो माफीनामे घेतलेत, पण स्वतः मागायची वेळ आली तेव्हा दोन वाक्यांत तीनदा अडखळलो. "राहू द्या साहेब," तो म्हणाला, "पण पुढच्या वेळी आधी बाइंडरला विचारत जा."

पण हार मानेन तर मी कसला! चहा आला तसा मी लेखिकाबाईंकडे मोर्चा वळवला. "बाई, राग मानू नका. पण अठरा मिनिटांचे तीनशे ऐंशी? मिनिटाला एकवीस पडतात!"

"मूळ गोष्ट तीनशे पानांची होती," बाई शांतपणे म्हणाल्या. "ती चव्वेचाळीसवर आणायला मला दोन वर्षं लागली."

"अहो, मग ती तीनशेच द्यायची होती ना, याच भावात!"

"दिली असती, तर तुम्ही पैसे परत मागायला आला असतात. आणि मी ते मुकाट्याने दिले असते."

मी बशीत चहा ओतून भुरका मारला.

सासूबाई पुढे सरकल्या. "ते असू दे. उत्तर काय आलं ते सांगा. 'ये' असंच ना?"

"मला माहीत नाही," लेखिकाबाई म्हणाल्या. "खरंच नाही. तुम्हाला 'ये' वाटलं?"

"दुसरं काय असणार? माझ्या भावाला मी प्रत्येक पत्रात तेच लिहायची."

"आई, अठरा वर्षांनी?" बायको म्हणाली. "तिने लिहिलं असेल, 'कोण आपण?'"

"तिचा पत्ता बदलला असेल," छापखानावाले सोफ्यातून म्हणाले. "आमच्याकडे बिलं अशीच परत येतात."

"साफ चूक!" मी म्हणालो. "सरळ आहे. उत्तर आलं असेल, 'आपला अर्ज मिळाला. कृपया विहित नमुन्यात पुन्हा पाठवावा.'"

लेखिकाबाई इतक्या हसल्या, की कपातला चहा बशीत आला. मग वाद जो पेटला! बायको विरुद्ध सासूबाई, सासूबाई विरुद्ध मी, मी विरुद्ध सगळे! तो परत आला तर त्याची नोकरी कोण करणार, बायकोने दुसरं लग्न केलं असेल का, आणि मुळात त्याने अठरा वर्षांत दुसरा निरोप का पाठवला नाही? ("बजेट!" मी सांगितलं.) सासूबाईंनी भावाची पत्रं असलेला डबाच बाहेर काढला. दोन पत्रं वाचून दाखवली. तिसरं वाचताना त्यांचा आवाज बसला, तेव्हा लेखिकाबाईंनी ते त्यांच्या हातून घेतलं आणि पुढे वाचलं. चहा तीनदा झाला. सासूबाईंनी ताटभर जेवून आणखी वाढून घेतलं. दिवेलागणी झाली तरी कोणी उठेना.

पाहुणे गेल्यावर बायको कप विसळताना म्हणाली, "अठरा मिनिटांचं पुस्तक. आज तिसरा दिवस आहे बोलताय. आता कितीला पडलं मिनिट?"

मी हिशेब केला. आकडा फारच लहान आला, म्हणून सांगितला नाही.

पुढचं सगळं पुस्तकवाल्यांकडून कळलं. माल परत मागवल्याची बातमी गावभर झाली आणि जो तो "शेवट हरवलेलं पुस्तक" मागत दुकानात यायला लागला. प्लॅस्टिक फाडलेल्या त्या अकरा प्रती एका दुपारी संपल्या. परत आलेला गठ्ठा दोन आठवड्यांत. आता दुसरी आवृत्ती निघालीय. शेवटची चार पानं अजून कोरीच आहेत. फक्त पहिल्या कोऱ्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ छापलीय, "ही पानं मुद्दाम कोरी ठेवली आहेत. कृपया छापखान्यात तक्रार करू नये."

किंमत चारशे वीस!

"वरचे चाळीस कशाचे?" मी पुस्तकवाल्यांना विचारलं.

"नव्या ओळीचे," ते म्हणाले.

ती ओळ कोणामुळे छापावी लागली हे पुस्तकात कुठेच दिलेलं नाही, हा लेखिकाबाईंचा मोठेपणा. तेवढं पुस्तकवालेच प्रत्येक गिऱ्हाइकाला तोंडी सांगतात, पत्त्यासकट!