चाळीस पानांची न झालेली पंगत

गेल्या रविवारी आमच्या समितीसमोर चाळीस भुकेली माणसं पोटभर जेवली. असं काही घडलेलं नाही, याची कृपया नोंद घ्यावी.

भूक ही गंभीर बाब आहे. म्हणूनच ती फॉर्मशिवाय भागवू नये, हे म्हैसूरच्या अन्नबचाव समितीचं मूळ तत्त्व. अध्यक्ष उपेंद्र सर पुण्याहून इथल्या आयटी कंपनीत आले आणि लग्नांत वाया जाणारं अन्न पाहून त्यांना रडू आलं. मग डोळे पुसून त्यांनी फॉर्म तयार केला. (चार पानी. रडण्याचं कारण पाचव्या पानावर, ऐच्छिक.)

रविवारी अग्रहार भागातल्या नागोजीरावांच्या मुलीचं लग्न होतं. त्यांचे पूर्वज म्हैसूरच्या महाराजांच्या फौजेत. शत्रू निसटला तरी चालेल, पाहुणा उपाशी जाता कामा नये, ही घराण्याची रीत. त्यात मुहूर्त दांडगा, गावभर लग्नं. पाहुणे वाटले गेले. तीन वाजता दोन पातेली बिसीबेळेभात (इकडचा डाळ-भाज्यांचा मसालेभात) आणि दोनशे ओबट्टू, म्हणजे आपल्या पुरणपोळ्या, शिल्लक. संध्याकाळपर्यंत भात आंबणार.

फाटकाशी वनजाबाई उभ्या. दवाखान्याजवळच्या धर्मशाळेत त्या पेशंटांच्या नातेवाइकांना जेवू घालतात. त्या दिवशी शिधा संपला होता. सकाळपासून चहावर असलेले चाळीस जण त्यांच्यामागे रांगेत होते.

सर आणि समिती मांडवात हजर होती. आता नागोजीरावांनी फक्त फॉर्म भरायचा होता. रकाना नऊ : अन्न का उरले? (अ) पाहुणे आले नाहीत. (आ) चव जमली नाही. (इ) यजमानाचा अंदाज चुकला.

नागोजीराव पेन धरून वीस मिनिटं बसले. "अय्यो सार, ह्यातलं कुठलं बी लिहिलं तर व्याही काय म्हणतील? आमच्या घरात काय उरत न्हाई."

सरांनी समजावलं की कारण नसेल, तर ते अन्न उरलेलं धरता येत नाही. नागोजीरावांना हे तंतोतंत पटलं. काही उरू नये म्हणून त्यांनी आग्रह सुरू केला. व्याह्यांच्या पानात सहावा ओबट्टू पडला. फोटोग्राफरनं हात जोडले. सरांनी चार खाल्ले (निरीक्षक या नात्यानं). पातेली जिथल्या तिथे.

साडेचारला वनजाबाई आत आल्या, झाकण उचलून वास घेतला आणि म्हणाल्या, "नागोजीराव, तुमची शेवटची पंगत अजून बसली कुठं? चाळीस पाहुणे उन्हात उभे आहेत की."

नागोजीराव ताडकन उठले. "पाहुणे उभे? पानं मांडा रे."

वाढायला ते स्वतः वाकले. जिच्या नवऱ्याचं सोमवारी ऑपरेशन होतं, ती बाई "साकु, साकु", पुरे पुरे, म्हणत राहिली. तिला आणखी दोन ओबट्टू मिळाले. पातेली रिकामी झाली.

अहवाल पुढीलप्रमाणे. उरलेलं अन्न : शून्य. वाचवलेलं अन्न : शून्य. भागलेली भूक : शून्य (पाहुण्यांच्या भुकेची नोंद करण्याची तरतूद नाही).

सबब, त्या चाळीस जणांनी रविवारइतकेच उपाशी होऊन, दोन फोटोंसह, कामाच्या दिवशी अकरा वाजता कार्यालयात हजर राहावे. म्हणजे त्यांना नियमानुसार वाचवता येईल.

तसेच, हे वाचून हसणारे काही जण त्याच लग्नात तिसऱ्या पंगतीला होते. पानात अर्धा ओबट्टू टाकून उठलेल्यांचे पान क्रमांक समितीकडे आहेत. त्यांनी सात दिवसांच्या आत येऊन आपापला अर्धा संपवून जावे, ही विनंती.