मेथीसोबत निवडलेले जंतू

वर्षाली आंघोळ करून ओसरीवर आली, तेव्हा तिच्या संशोधनाच्या दोन जुड्या सुतळीनं आवळून मेथीच्या ढिगाशेजारी ठेवलेल्या होत्या.

चाळीस फोटो होते, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमधून काढलेले. एकाच घराण्यातले दोन जंतू, दोघंही टोमॅटोचं पान करपवणारे. एकाला टोकाशी एकच शेपटी, दुसऱ्याला शेपट्यांचा झुपका. तिचे मार्गदर्शक धनंजय सर; त्यांनी महिनाभर भिंग लावून प्रत्येक फोटोला तो कोणता जंतू याची चिठ्ठी जोडली होती, आणि बजावलं होतं, "एक चिठ्ठी हरवली, तर पेपरावर तुझं नाव नाही."

"आई, फोटोच्या चिठ्ठ्या कुठी हायेत?"

"चुलीत. चहा त्याच्यावरच झाला." मंदाबाईचा जुडी बांधणारा हात थांबला नाही. "पसारा होता, मेथीसंगं निवडून टाकला."

"कशावरून निवडला वं?"

"मुळावरून. हे एका मुळाचे, हे झुपक्याचे. मिसळले का जुडी बसत नाई."

ती मुळं नव्हेत, हे समजावायला वेळ नव्हता; वर्ध्याची बस निघत होती. वर्षालीनं बसमध्येच आईच्या जुड्यांवरून चाळीस नव्या चिठ्ठ्या लिहिल्या.

वर्ध्याला सरांनी त्या आपल्या नोंदवहीशी ताडल्या. अडतीस जुळल्या.

"चौदा आणि एकतीस," सर म्हणाले. "माझ्याकडे एकच शेपटी आहे. तू झुपका लिहिलास. कोणी सांगितलं?"

वर्षालीनं सगळं सांगितलं, चहासकट. सरांनी तिला तिथूनच आईला स्पीकरवर फोन लावायला लावला.

"आई, दोन फोटोत एकच शेपूट हाय. झुपक्यात काऊन टाकले?"

"बाकीच्या तुटल्या ना. बुडखे पाह्य ना. उपटताना मूळ तुटते, बुडखा राह्यते."

सरांनी भिंग उचललं. आधी चौदा, मग एकतीस; दोन्हींत शेपटीला लागून बारीक ठिपके होते.

"हे ठिपके मी महिनाभर धूळ समजत होतो," ते म्हणाले.

पेपरावर वर्षालीचं नाव राहिलं. शेजारी मंदाबाईचंही आलं.

पुढच्या रविवारी सर दीडशे नवे फोटो घेऊन अल्लीपूरला वर्षालीच्या घरच्या ओसरीवर हजर झाले. मंदाबाईनं पिशवीकडे पाहिलंही नाही. मेथीचा ढीग त्यांच्यापुढे सरकवला.

"फोटो मंग, सर. पह्यले हात बसू द्या."

सरांनी मन लावून जुडी बांधली. मंदाबाईनं ती उलटसुलट फिरवून पाहिली, सुतळी ओढून सोडली, आणि मेथी परत त्यांच्यापुढे ठेवली.