बगळ्याचं प्रकरण

दुपारचं जेवण उरकून बाई खिडकीजवळच्या आरामखुर्चीत ती जाड निळी कादंबरी घेऊन बसल्या, तेव्हा त्यांच्या मनात कसलंही पाप नव्हतं. संध्याकाळी रेडिओवर तिच्याबद्दल बोलायचं होतं आणि निम्मी वाचायची राहिली होती, एवढंच. वाऱ्यानं पडदा फुगत होता, पुन्हा बसत होता. खाली गल्लीत कुणीतरी सायकल उलटी करून तिचं चाक नुसतंच फिरवून बघत होतं आणि त्याची टिकटिक वर येता येता मऊ होऊन जात होती.

नव्या पुस्तकांचा तो कार्यक्रम बाई कित्येक वर्षं चालवत होत्या. त्यांचा सगळा लौकिक एकाच गोष्टीवर उभा होता : बाई पुस्तक अक्षरन् अक्षर वाचून येतात. लेखक त्यांना वचकून असत. जोडीला सर असत. सर कॉलेजात साहित्य शिकवून निवृत्त झालेले, आणि पुस्तक न वाचता त्यावर बोलण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. बाई गोष्ट सांगत, सर तिचा अर्थ सांगत. दोघांचं छान जमलं होतं.

कादंबरी नदीकाठची होती. एक नावाडी आणि धक्क्यावरच्या तिकीटखिडकीत बसणारी एक तिकीटवाली. कधीकाळी काहीतरी बिनसलेलं, तेव्हापासून अबोला. नावाडी नाव आणतो, ती तिकिटं फाडते, नदी वाहते. पान उलटावं तर नदी वाहतेच आहे. लिहिलेलं सुंदर होतं, पण इतकं संथ, की बाईंचा श्वाससुद्धा त्या नावेच्या चालीनं चालू लागला.

मग पुढच्या पानावर बगळा आला.

तो धक्क्याच्या पायऱ्या चढून आला, पायपुसण्यावर एकेक पाय नीट पुसला आणि रांगेत उभा राहिला. पुढे दोन माणसं होती. त्यांनी मागं वळूनही पाहिलं नाही. नंबर आल्यावर त्यानं खिडकीतून मान आत घातली. तिकीटवालीनं विचारलं, "जायचं, की जाऊन यायचं?" बगळा विचारात पडला. इतका वेळ विचारात पडला, की नावाडी नाव तशीच सोडून वर आला, त्याच्याशेजारी उभा राहिला आणि म्हणाला, "जाऊन यायचं द्या. एकट्याला परत यायला अवघड जातं." इतक्या वर्षांत तो तिच्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. तिकीटवाली खिडकी बंद करून बाहेर आली. नदी दुधासारखी पांढरी झाली होती. ते तिघं तिच्यावरून सावकाश चालत निघाले, बगळा मध्ये, आणि कुणाचंच पाऊल ओलं होत नव्हतं.

"अगं, गाडी आलीय खाली! किती हाका मारायच्या?"

बाईंचे यजमान दारात उभे होते. त्यांचं चष्म्याचं दुकान होतं आणि जगाकडे ते स्वच्छ काचेतून पाहत. बाई दचकल्या. मांडीवरच्या पुस्तकाची पानं वाऱ्यानं पार शेवटाकडे नेऊन ठेवली होती. म्हणजे आपण एवढं वाचलं, असं समजून बाईंनी उरलेली चार पानं गाडीत वाचून काढली. त्यात नावाडी आणि तिकीटवाली शेजारी शेजारी बसून अगदी जुन्या ओळखीसारखे बोलत होते. बाईंना त्यात काहीच खटकलं नाही. बगळ्यानंतर ते बोलणारच.

त्या संध्याकाळी बाई कधी बोलल्या नव्हत्या इतक्या सुंदर बोलल्या. बगळ्यापाशी तर त्यांचा आवाज हलला. स्टुडिओच्या काचेपलीकडचा ध्वनिमुद्रक हातातलं काम विसरून ऐकत राहिला.

"आणि सर, तो बगळा!"

"अहाहा, तो बगळा!" सर डोळे मिटून म्हणाले. "बाई, मी तर म्हणतो, ही कादंबरी म्हणजे तो बगळाच. बाकी सगळं नुसतं पाणी."

दुसऱ्या दिवशी पुस्तकांच्या दुकानात सगळ्या प्रती हातोहात गेल्या. त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यातल्या बऱ्याच परत आल्या. पुस्तकविक्रेत्याचा फोन आला.

"बाई, बगळ्याचं प्रकरण कितव्या पानावर आहे हो?"

"मधेच कुठंतरी. का?"

"गिऱ्हाइकं म्हणतात, आमच्या प्रतीत नाही. एक आजोबा तर म्हणाले, मला बगळ्यासकट द्या नाहीतर नको. मी प्रकाशकाला फोन केला, प्रकाशकानं छापखान्याला झापलं, छापखानेवाला म्हणतो, चूक बाइंडरची. आणि बाइंडर म्हणतो, मी आयुष्यात बगळा बांधलेला नाही."

बाईंनी फोन ठेवला, कादंबरी काढली आणि ताठ खुर्चीत बसून पहिल्यापासून वाचली. नावाडी होता. तिकीटवाली होती. दोघांचा अबोला एका पावसाळी दिवशी, छत्री कुणाची यावरून, आपोआप सुटला होता. एक कुत्रा होता, बदकं होती. बगळ्याचं पीससुद्धा नव्हतं.

"अहो, मी झोपले होते," बाई रात्री जेवताना म्हणाल्या.

"ते मला तेव्हाच कळलं होतं. घोरत होतीस."

"मग बोलला का नाहीत?"

"मला काय माहीत, तू घोरत घोरत पुढचं वाचतेयस ते!" यजमान म्हणाले. पण बायकोचा चेहरा पाहून त्यांनी घास खाली ठेवला. "एवढं काय त्यात? सांगून टाक की चूक झाली."

"अक्षरन् अक्षर वाचणारी बाई म्हणतात हो मला. उद्या म्हणतील, आजवर हिनं अशीच किती पुस्तकं झोपेत वाचली असतील? दुसरं आहे काय माझ्याकडे?"

यजमानांनी नुसतं बायकोच्या पेल्यात पाणी ओतलं.

बाईंनी सरांना गाठलं. सर फोनवर म्हणाले, "नाही कसा? मला चांगला आठवतोय बगळा." वर्तमानपत्रात परीक्षण आलं, त्यात 'बगळ्याचा मूक हस्तक्षेप' असा मथळा. एका वाचकमंडळानं कळवलं की आमच्याकडच्या प्रतीत बगळा आहे आणि तो आम्हाला फार भावला. दुसऱ्या मंडळाला तो जरा लांबलेला वाटला. बाईंना वाटू लागलं, आपण अजून उठलोच नाही. खाली चाक फिरतंय, पडदा फुगतोय, आणि हे सगळं नदीवरून चाललंय.

आणि मग लेखक स्वतः स्टुडिओत यायचा दिवस उजाडला.

लेखक कुठंच जात नसत, कुणाशी फारसं बोलत नसत. बारीक अंगाचे, वयस्कर, मान जराशी पुढे काढून चालणारे. सर आधीच माइकसमोर बसून घसा साफ करत होते. बाईंनी लेखकांना पाणी दिलं, स्वतःही प्यायल्या. लाल दिवा लागला आणि बाईंनी नमस्कारानंतर श्वास न घेता सगळं सांगून टाकलं. दुपार, आरामखुर्ची, झोप, वारा. "या पुस्तकात बगळा नाही. तो माझ्या स्वप्नात आला होता. श्रोत्यांची आणि लेखकांची मी माफी मागते."

काचेपलीकडे ध्वनिमुद्रकानं कपाळाला हात लावला.

सर सावरले ते सगळ्यांत आधी. "बाईंनी फार मोठी गोष्ट सांगितली," ते म्हणाले. "प्रत्येक वाचन हे शेवटी स्वप्नच असतं."

"नाही हो सर, मी खरोखरची झोपले होते!"

"तेच म्हणतोय मी."

फोन वाजायला लागले. पहिला फोन एका गृहिणीचा होता. "बाई, तुमचा विनोद आवडला. पण आम्ही घरी सगळ्यांनी वाचलाय बगळा. सासूबाई तर रडल्या." दुसरा फोन कुणा वकिलाचा. त्यांचं म्हणणं, बाईंवर दबाव आणून त्यांना हे बोलायला लावलंय, बगळा दाबला जातोय. तिसऱ्यानं फक्त एवढंच विचारलं, की तो शेवटी परत आला का.

बाईंनी हात टेकले आणि लेखकांकडे पाहिलं. आता हा माणूस उठून जाणार आणि जाताना आपल्या तोंडावर पुस्तक आपटणार.

लेखक माइककडे थोडे सरकले. "बाई, तुम्ही झोपलात नेमक्या कुठं?"

"ते... तो नाव किनाऱ्याला लावतो आणि ती तिकिटं मोजत असते, तिथं."

"हां," लेखक मान हलवत म्हणाले. "मीही तिथंच झोपायचो. रोज लिहायला बसलो की तिथं डोळा लागायचा. महिनाभर पुढं जाईना. मला मात्र स्वप्नबिप्न काही पडलं नाही, म्हणून शेवटी छत्री घातली." ते माइक सोडून बाईंकडे वळले. "तुमचा बगळा मला पुन्हा एकदा सांगता? सावकाश. पायऱ्यांपासून."

बाईंनी सांगितला. हातात कागद नव्हता आणि भीतीही उरली नव्हती. त्यांचा आवाज पुन्हा त्या पांढऱ्या नदीवरून चालत गेला, आणि संपलं तेव्हा लेखक कितीतरी वेळ काही बोललेच नाहीत. रेडिओवर एवढी शांतता चालत नाही, पण काचेपलीकडून कुणी हातवारे केले नाहीत.

"दुसऱ्या आवृत्तीत घालतो," लेखक म्हणाले. "तुमची हरकत नसेल तर."

"माझी कसली हरकत!" बाई म्हणाल्या आणि त्यांना एकदम हलकं वाटलं.

दुसरी आवृत्ती निघाली. मुखपृष्ठ तेच निळं, फक्त कोपऱ्यात एक पांढरा ठिपका, मान काढलेला. बाईंनी ती कडक चहा पिऊन, ताठ खुर्चीत, अक्षरन् अक्षर वाचली. बगळा पायऱ्या चढला, पाय पुसले, रांगेत उभा राहिला. सगळं जसंच्या तसं होतं. लेखकांनी मेहनतही खूप घेतली होती. बगळ्याचं बालपणसुद्धा दोन पानं दिलं होतं. बाईंनी पुस्तक मिटलं. काहीतरी चुकत होतं, पण ते बोलून दाखवणं कृतघ्नपणाचं झालं असतं.

त्या संध्याकाळी कार्यक्रमात बाईंनी आवृत्तीचं तोंडभरून कौतुक केलं आणि सरांना विचारलं, "सर, तुम्हाला कसं वाटलं हे नवं प्रकरण?"

सरांनी डोळे मिटले, ओठ दुमडले आणि खूप वेळ मान हलवली.

"उत्तम आहे, बाई. लेखकांचा आदर राखून बोलतो," ते म्हणाले, "पण खरं सांगू का? पहिल्या आवृत्तीतल्या बगळ्याची सर याला नाही."

बाईंनी तोंड उघडलं, मिटलं. काचेपलीकडे सगळेच्या सगळे फोन एकदम वाजायला लागले होते.