एका भगिनीच्या सात गोष्टी

बुऱ्हाणपूरच्या वाचनालयात पडलेल्या जुन्या मासिकांतल्या गोष्टींची सूची करायचे काम प्रभाकर मास्तरांनी आपण होऊन अंगावर घेतले. बायको गेली, म्हाताऱ्याला काहीतरी चाळा हवा, असे लोधीपुऱ्यात सगळे म्हणाले. खरे कारण त्यांनी कुणाला सांगितले नव्हते. सतरा वर्षांपूर्वी कमलची, त्यांच्या बायकोची, एक गोष्ट गावातल्याच एका मासिकात छापून आली होती. तिने अंक पुढे ठेवला, मास्तर 'बघतो' म्हणाले, आणि बघायचे राहून गेले. आता ती नव्हती आणि घरात अंकही सापडत नव्हता.

अडचण एवढीच होती की त्या काळी घरंदाज बाया नाव छापू देत नसत. लेखिकेच्या जागी 'एक भगिनी' एवढेच असे. अशा सात गोष्टी निघाल्या. त्यांतली सोशिक सुनेची गोष्ट कमलचीच, अशी मास्तरांची खात्री पटली. ती वाचून ते दोनदा रडले. पण गणिताचा माणूस. पुराव्याशिवाय उत्तर कसे लिहायचे? त्यांनी सातही नोंदींपुढे पेन्सिलीने 'कमल' लिहून पुढे प्रश्नचिन्ह काढले.

सूचीची शाईतली प्रत वाचनालयाच्या पंडित कारकुनाने केली. प्रश्नचिन्हे त्याने गाळली. पक्क्या कागदावर शंका ठेवायची नाही, असा त्याचा बारा वर्षांचा शिरस्ता होता. सूची भिंतीवर लागली आणि दोन दिवसांत रंभाबाई मास्तरांच्या दारात उभ्या राहिल्या.

"मास्तर, ती सोशिक सुनेची गोष्ट माझी हाय. कमलताईची कशी झाली?"

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"सासू होती ना जिती. आता ती गेली. आता बिलकुल टाका माझं नाव."

मास्तरांनी नाव टाकले. ज्या गोष्टीवर ते दोनदा रडले होते, तिच्यातली सासू रंभाबाईंची निघाली.

बातमी फिरली. एकीने नवऱ्याकरवी चिठ्ठी पाठवली, एक मुलीला घेऊन भांडायलाच आली, एकीने तर कच्चा मसुदा आणून दाखवला. पंडित पार कानकोंडा झाला. कागद उतरवतो म्हणून हात जोडू लागला. मास्तरांनी त्याला उतरवू दिला नाही. एकेक बाई भांडून गेली की एकेक गोष्ट वजा होत होती. असे समाधान त्यांना वर्षभरात मिळाले नव्हते.

पंधरा दिवसांत सहा गेल्या. उरलेली सातवी मास्तरांनी मनातून सर्वांत आधी बाद ठरवलेली होती, कारण ती वाचताना हसू येत होते, आणि कमल कधी विनोद करत नसे. निदान त्यांच्यापुढे तरी.

गोष्टीत पहिल्याच ओळीला नवरा मरतो. पण बायकोचे ऐकायची त्याला सवयच नसल्याने आपण मेलो, हे तिने कितीही सांगितले तरी त्याच्या डोक्यात शिरत नाही. तो रोज वेळेवर पाटावर येऊन बसतो. ती कपाळाला हात लावते आणि वाढते.

मास्तरांनी ती पुन्हा वाचली. मग पुन्हा एकदा, अगदी सावकाश.

पंडित नवी प्रत करायला बसला होता. बाकी रकाने भरून झाले होते.

"मास्तरसाब, ही कोणत्या खान्यात टाकू? विनोदी का करुण?"

मास्तरांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला.

"विनोदीत टाक," ते म्हणाले. "तिनं लिहिली तेव्हा ती विनोदीच होती."