चौथी नळी

रूट कॅनाल करून पाच दिवस झाले तरी नळवाल्याची दाढ ठणकत होती, आणि त्याला काही म्हणजे काही उमगत नव्हतं. दाढेतली नस काढून सगळ्या नळ्या बुजवल्या, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. नस काढली म्हणजे मेन कॉकच बंद झाला की! मग कळ येते कुठून?

दवाखान्यातून मिळालेला कागद त्याने बायकोपुढे धरला.

"'थोडं दुखणं स्वाभाविक. जास्त दुखल्यास कळवा,'" तिने वाचलं.

"मग हे थोडं का जास्त?"

"मला काय विचारता? दाढ तुमची."

"अगं, पण थोडं म्हणजे किती, ते लिहिलंय का कुठे?"

"सकाळी दूध पिताना डोळ्यांतून पाणी आलं तुमच्या. म्हणजे जास्त," बायकोने निकाल दिला. "आणि दाढ उपटून घरी येऊ नका. त्या बाजूच्या दोन आधीच गेल्यात. चावणार कशाने?"

खरी धास्ती त्यालाही तीच होती. त्याने फोन लावला.

"नवीन काम आहे, बसायला वेळ लागतो. दोन दिवस थांबा," डॉक्टरीणबाई गोड आवाजात म्हणाल्या.

हे वाक्य त्याला फार ओळखीचं वाटलं, पण कुठे ऐकलंय ते आठवेना. तो थांबला. तिसऱ्या दिवशी टम्म फुगलेला गाल घेऊन तो दवाखान्यात हजर झाला.

"हे बघा, तीन नळ्या, तिन्ही भरल्यात," बाईंनी एक्स-रे दाखवला. "या दाढेला बहुतेक तीनच असतात."

"बहुतेक?" नळवाला ताडकन उठून बसला. "मॅडम, तीन लाइनी बंद करून पाणी येतंय, म्हणजे चौथी कुठेतरी भिंतीत दडलेली असते. ती शोधावी लागते. बहुतेकावर धंदा चालत नाही!"

बाई हसल्या. तरी त्यांनी दुसऱ्या कोनातून एक्स-रे काढला, आणि त्यांचं हसू मावळलं.

"आहे हो चौथी. केसाएवढी आहे. साफ केली की दाढ वाचेल."

नळवाल्याची कॉलर एकदम ताठ झाली. बाईंनी इंजेक्शन दिलं आणि जबडा बधिर व्हायची वाट बघत दोघं बसले. त्या शांततेत कोपऱ्यातल्या बेसिनखालून ऐकू आलं, टप्... टप्... लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण म्हणतात. इथे तर पाषाणाखाली बादली ठेवलेली होती.

"हे बेसिन तुम्हीच दुरुस्त केलंत ना?" बाई म्हणाल्या. "मी तीनदा फोन केला. काय म्हणालात, आठवतंय?"

"नवीन काम आहे, बसायला वेळ..." त्याची जीभ जड झाली. इंजेक्शनने की कशाने, देव जाणे. "पण मॅडम, तिन्ही जोड आवळलेत मी!"

"तीनच आहेत?"

"बहु..." म्हणता म्हणता त्याने तोंड मिटलं. बाईंकडून दात बघायचा एक जुना आरसा मागून घेतला आणि तो बेसिनखाली शिरला. पाच मिनिटांनी गुडघे झटकत बाहेर आला. तोंडातून आता शब्द फुटत नव्हता, म्हणून त्याने चार बोटं वर केली.

"हो हो, चौथी होती, चुकलं माझं," बाई वैतागल्या. "किती वेळा ऐकवाल?"

त्याने खाली मान घालून तीच चार बोटं बेसिनकडे वळवली.